इंदूरजवळ कॉटेज घेताय? आधी जेवणाचं ठरवा

इंदूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला सराफा आणि छप्पन दुकान या शहरातल्या खाऊगल्ल्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दाखवतं. तिथे फारसं काही सांगावं लागत नाही. गर्दी जिकडे उभी, तिकडे उभं राहायचं. अडचण येते ती पहिल्या पावसात. ऑफिसातली तीन-चार कुटुंबं ठरवतात, शनिवारी चोरलकडे नाहीतर मांडूला एखादं कॉटेज घेऊ या. दहा मिनिटांत बुकिंग होतं, फोटो बघून मुलं खूश होतात आणि जेवणाचं कुणी विचारतच नाही. शहरात राहून आपल्याला सवय झालेली असते, भूक लागली की काहीतरी मिळतंच.

आमच्या पहिल्या खेपेला आम्ही नऊ जण होतो, त्यात तीन लहान मुलं. खंडवा रस्त्यावरच्या सिमरोलच्या पुढे एका कॉटेजवर पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. मोबाइलवरून मागवायला गेलो तर त्या भागात कुणी जेवण पोचवत नव्हतं. चौकीदाराच्या घरात पाच-सहा बटाटे आणि त्यांच्या सकाळच्या पोळ्यांपुरती कणीक होती. त्या घरातल्या बाईंनी ती सगळी कणीक आमच्यासाठी मळली. मुलं जेवली, मोठ्यांनी चहा-बिस्किटांवर रात्र काढली, आणि सकाळी कळलं की त्या घरातही रात्री कुणी पोटभर जेवलेलं नव्हतं. ते मला अजून लागून राहिलंय. त्यानंतर या परिसरात पुष्कळदा राहून आले. हे लिहितेय ते त्या रात्रीसारखी वेळ दुसऱ्या कुणावर, आणि दुसऱ्या कुठल्या चौकीदाराच्या घरावर, येऊ नये म्हणून.

मुख्य गोष्ट एकच आहे. इथलं जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. पुढचं सगळं त्याभोवती आहे.

घाटाच्या वर की खाली

इंदूर माळव्याच्या पठारावर वसलंय. दक्षिणेला निघालात की तास-दीड तासात विंध्याची कड येते. खंडवा रस्त्याने गेलात तर भेरूघाट, आग्रा-मुंबई रस्त्याने गेलात तर मानपूरचा घाट. घाट उतरलात की निमाड, म्हणजे नर्मदेचं खोरं. ताटही तिथेच बदलतं.

वर माळव्यात गहू, मका, दूध आणि तूप. बाफले म्हणजे उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, लाडू, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू हा कंद. चव जरा सौम्य, कढीत-डाळीत किंचित गोडसर. खाली निमाडात ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीची डाळ आणि मिरची. खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाची मिरचीची मंडई नावाजलेली आहे, आणि तिथल्या लाल मिरचीचा ठसका घरोघरच्या चटणीत उतरलेला असतो. जळगाव-भुसावळकडच्या माणसाला घाट उतरल्यावर माहेरी आल्यासारखं वाटतं. पुण्याच्या माणसाने पहिल्या जेवणाला तिखट बेतानं सांगावं.

एकच रात्र असेल आणि सोबत लहान मुलं असतील तर वरच थांबा: तिंछा, चोरल, पातालपाणी, जानापाव. सगळं इंदूरपासून साधारण पन्नास किलोमीटरच्या आत आहे, काही कमी पडलं तर सिमरोल किंवा महूहून आणता येतं. दोन रात्री असतील तर मांडू किंवा महेश्वर. मांडू शंभरेक किलोमीटर, महेश्वर नव्वदच्या आसपास. या दोघांमधलं अंतर चाळीसेक किलोमीटर आहे, त्यामुळे एक रात्र वर नि एक रात्र खाली असंही जमतं. मला विचाराल तर हाच बेत सगळ्यात चांगला. दोन्ही प्रकारचं जेवण होतं.

फोन जागेवरच्या माणसाला

बुकिंग घेणारा माणूस बहुतेक वेळा इंदुरात बसलेला असतो. तो सगळ्याला “हो जाएगा” म्हणतो. त्याच्याकडून कॉटेजवर राहणाऱ्या चौकीदाराचा किंवा स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा नंबर घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी, शक्यतो सकाळी, स्वतः बोला. त्यांच्याशी हिंदीतच बोलायचं: “भैया, कल दोपहर में आठ लोगों के दाल-बाफले हो जाएँगे क्या? सामान हम लेते आएँ या आप मँगवाओगे?” एवढ्या एका वाक्यात तीन गोष्टी कळतात: स्वयंपाक करणारं कुणी आहे का, तुमच्या मनातला पदार्थ होतो का, आणि किराणा कुणी आणायचा.

मग पुढचं विचारा. स्वयंपाक गॅसवर की चुलीवर? पाणी बोअरचं की कॅनचं? जागा शाकाहारी आहे का? हा प्रश्न टाळू नका. आवारात अंडंसुद्धा चालत नाही अशा जागा इथे बऱ्याच आहेत, आणि मालकाचा नियम चौकीदाराला मोडायला लावणं बरं नाही. पैसे माणशी ताटाचे की स्वयंपाकाच्या मजुरीचे, तेही आधी ठरवा. मुलांचं अर्धं ताट धरतात का, सकाळचा चहा त्यातच येतो का, हेही. वीज गेली तर फ्रिज बंद पडतो, म्हणून दूध, पनीर, कोंबडी यांचं गणित त्या हिशोबाने करा.

किराणा तुमच्याकडे असेल तर अंदाज मी माझ्या अनुभवावरून देते. आठ जणांच्या बाफल्यांना सव्वा किलो जाडसर कणीक, त्यात पाव किलो मक्याचं पीठ, अर्धा किलो तूरडाळ, अर्धा किलो तूप. तूप जास्त वाटेल, पण तेवढं लागतं. बाफल्याची कणीक पोळीच्या पिठासारखी बारीक चालत नाही. इंदुरात गिरणीवाल्याला “बाफले का आटा” म्हटलं की तो बरोबर दळून देतो.

निघायच्या सकाळी

घरून उपाशी निघा. इंदुरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर सकाळी सातच्या आधीपासून पोह्यांच्या कढया वाफेवर ठेवलेल्या असतात. खंडवा रस्त्याने जाणाऱ्यांना तेजाजी नगर, महूकडे जाणाऱ्यांना राऊ. आपल्या कांदेपोह्यांशी तुलना करत बसू नका. हे पोहे वाफेवर मऊ राहतात, त्यात बडीशेप असते, वर शेव आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला पडतो, बाजूला गरम जिलबी. जीरावनची एक पुडी विकत घ्या आणि पिशवीत टाका. दोन दिवस काकडीवर, पेरूवर, उकडलेल्या अंड्यावर, कशावरही ती उपयोगी पडते. पेरूला इथे “जाम” म्हणतात, हेही ध्यानात ठेवा. रस्त्यावर कुणी “मीठे जाम” ओरडत असेल तर गाडी थांबवायची.

गाडीत एक डबा हवाच. भेरूघाटात वाहतूक अडली तर तास-दीड तास कुठे जातो कळत नाही, आणि घाटात खायला काही नसतं. आमच्या घरी अशा वेळी दशम्या होतात, दुधात भिजवलेल्या, सोबत लसणीची चटणी आणि गूळ. दोन दिवस टिकतात, हात खराब होत नाहीत, मुलं खातात. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा एक कॅन गाडीत टाका. सुटे पैसेही घ्या. घाटाखालच्या कित्येक जागी मोबाइलला रेंज नसते, मग फोनवरून पैसे देता येत नाहीत, आणि शंभराच्या भाज्यांसाठी म्हातारीला पाचशेची नोट दाखवावी लागते.

डबा खायला धबधब्याच्या पात्रात बसू नका. पातालपाणीला जुलै २०११ मध्ये पाणी अचानक वाढलं आणि एका कुटुंबातली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही. तिथली माकडंही डबा हातातून ओढतात, तेव्हा गाडीजवळच खाल्लेलं बरं.

बाफल्यांची दुपार

कॉटेजवरचं एक जेवण बाफल्यांचं असलंच पाहिजे, आणि ते दुपारचं असू द्या. बाफले रात्री पचत नाहीत.

वेळ किती लागतो हे माहीत नसेल तर माणूस चिडतो, म्हणून सगळी रीत सांगते. कणकेत मक्याचं पीठ, ओवा, मीठ, तुपाचं मोहन घालून घट्ट मळतात आणि झाकून ठेवतात. मग लिंबापेक्षा मोठे गोळे करून उकळत्या पाण्यात सोडतात. शिजले की ते वर तरंगतात. हीच पायरी बाटीत नसते, आणि म्हणून बाफला आतून मऊ होतो. गोळे निथळून, जरा सुकवून, कंड्यांच्या म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. गोवऱ्या पेटून धूर जाईपर्यंतच अर्धा तास जातो. भाजून तडकले की राख झटकून थेट तुपात. सुरुवातीपासून ताटापर्यंत अडीच-तीन तास धरा. एकला जेवायचं असेल तर दहाला चूल पेटलेली हवी, म्हणजे आदल्या दिवशी सांगितलेलं हवं.

पावसाळ्यात गोवऱ्या ओल्या असतात. तेव्हा फोनवरच विचारा, सुक्या ठेवल्यात का. नसतील तर गॅसवरचा बाटीचा ओव्हन बहुतेक घरांत असतो, त्यात छान होतात. धुराचा वास नसतो एवढंच. ओल्या गोवऱ्यांचा हट्ट धरला तर बाहेरून करपलेले, आतून कच्चे बाफले हाती येतात. एकदा आमच्या पाहुण्यांनी तो धरला होता, आणि चार वाजता खिचडी टाकावी लागली.

ताटात बाफला हाताने कुस्करायचा, वर तूप, त्यावर डाळ. सोबत कढी, लसणीची चटणी, कांदा, आणि शेवटी चुरम्याचा लाडू. पहिल्यांदा खाणाऱ्याला दोन बाफले पुरेत, लाडवाला जागा ठेवा. जेवण झाल्यावर गाडी चालवायचा, पोहायचा किंवा डोंगर चढायचा बेत करू नका. खाट टाकून पडायचं असतं. संध्याकाळी चहा झाला की मग जानापावला जा.

उरलेले बाफले टाकू देऊ नका. सकाळी ते फोडून, कांदा-मिरची घालून परततात, आपल्या फोडणीच्या पोळीसारखे. दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याची सोय झाली.

ऋतू बघून काय सांगायचं

जुलै ते सप्टेंबरात मका. कोवळी कणसं किसून दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस घरच्या बाईंच्या हातचा खावा, शहरातल्यापेक्षा तो वेगळा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीताफळं. डिसेंबरात गराडू. तो सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून तेल लावून सोलतात, मग उकडून, तळून, जीरावन आणि लिंबू. जानेवारी-फेब्रुवारीत शेतात हरभऱ्याचे घाटे असतात. शेकोटीत भाजून द्यायला सांगा, संध्याकाळ तिथेच जाते. उन्हाळ्यात खाली निमाडात जाऊ नका, जायचंच तर ताक भरपूर मागा.

मांसाहार आणि दारू

झाबुआचा कडकनाथ नवीन माणसाला हमखास कुणीतरी सुचवतं. काळी पिसं, काळं मांस, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस घट्ट असतं, मंद आचेवर बराच वेळ शिजवावं लागतं, साध्या कोंबडीपेक्षा पुष्कळ महाग पडतं. ज्या कॉटेजवर मांसाहार चालतो तिथेही तो आदल्या दिवशीच सांगावा लागतो. तासाभरात “तयार आहे” म्हणणाऱ्या ढाब्यावर ताटात मांस आणि हाडं काळसर आहेत का बघा. पहिल्यांदाच खाणार असाल तर रस्सा कमी तिखट सांगा, नाहीतर मिरचीखाली त्याची चव हरवते.

दारूबद्दल स्पष्ट लिहिते, कारण विचारणारे खूप असतात. मध्य प्रदेशात वयाची अट २१ वर्षांची आहे. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या धार्मिक गावांमध्ये दारूची दुकानं आणि बार बंद झाले, त्यात आपल्या वाटेवरची महेश्वर, मंडलेश्वर आणि ओंकारेश्वर ही तिन्ही आहेत. दुकानाला लागून बसून प्यायचे अहाते त्याआधीच, २०२३ पासून बंद आहेत. रस्त्याकडेला गाडीत बसून पिऊ नका, पोलीस गाड्या तपासतात, आणि पुढे घाट असतो. कॉटेजवर चालतं का हे मालकाला आधी विचारा. मोहाची दारू कुणी कॅनमधून आणून दिली तर घेऊ नका. त्यात काय मिसळलंय हे कळायला मार्ग नसतो. आदिवासी बचत गटांनी परवान्याने बनवलेली, सीलबंद मोहाची दारू राज्यात मिळते, चव बघायचीच असेल तर ती बघा.

मला स्वतःला इथली शिकंजी जास्त आवडते. नाव ऐकून लिंबूपाणी समजू नका. इंदूरची शिकंजी आटवलेल्या दुधाची, दाट, सुक्या मेव्याची असते. ती निघायच्या आधी शहरातच प्या, गावात मिळत नाही.

मांडूला

मांडूत कॉटेजच्या बाहेर जेवायला जागा आहेत. राज्य पर्यटन महामंडळाचे मालवा रिसॉर्ट आणि मालवा रिट्रीट आहेत, तिथे राहत नसलात तरी जेवता येतं. गावातल्या छोट्या खानावळींत दाल-पानिया मागा. पानिया म्हणजे मक्याच्या पिठाची जाड, चपटी भाकरी, पानांच्या मध्ये दाबून गोवऱ्यांवर भाजलेली. पानांच्या शिरांची नक्षी तिच्यावर उमटते. धार-झाबुआकडच्या भिल्ल-भिलाला आदिवासी घरांतलं हे अन्न आहे. याचंही तेच, जाताना सांगून जायचं, जहाज महाल बघून यायचं, मग जेवायचं. रात्री साडेआठच्या आत ताटावर बसा, गाव लवकर झोपतं.

रस्त्याकडेला बायका मखमली सालीची, दुधी भोपळ्याएवढी फळं घेऊन बसतात. ती मांडूची इमली, आपली गोरखचिंच. तिची झाडं मूळ आफ्रिकेतली, पिंपाएवढ्या जाड बुंध्याची, मांडूभर दिसतात. फळ दगडावर फोडलं की आत पांढरा, पिठूळ, आंबट गर निघतो. तो बियांसकट तोंडात ठेवून चघळायचा, उन्हात तहान भागते. घरी नेलीत तर गर पाण्यात कोळून, गूळ आणि चिमूटभर मीठ घालून सरबत करा. घासाघीस मात्र करू नका, त्या बायकांचं दिवसाचं उत्पन्न तेवढंच असतं.

खाण्याचं कौतुक या गावाला जुनं आहे. पाचशे वर्षांपूर्वी इथल्या सुलतान घियासशाहसाठी पाककृतींचं एक सचित्र हस्तलिखित सुरू झालं. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्यात सामोशांचे कितीतरी प्रकार आहेत. रूपमतीच्या मंडपाजवळ सामोसा खाताना मला ते नेहमी आठवतं.

महेश्वर, ओंकारेश्वर, कालाकुंड

महेश्वरला नदीच्या घाटाजवळ राहा आणि सकाळी लवकर पोहे घेऊन पायऱ्यांवर बसा. अहिल्याबाईंचा वाडा, खाली नर्मदा, दुसरं काही लागत नाही. किल्ल्यातल्या वारसा-हॉटेलात जेवायचं असेल तर खूप आधी विचारून ठेवा, ते महाग आहे. त्यापेक्षा मी होमस्टेच्या घरी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी सांगेन.

ओंकारेश्वरला शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची शाखा आहे. स्वच्छ, माफक दरात जेवण, वातावरण पूर्ण मराठी. आईवडील सोबत असतील तर बाहेर शोधत फिरू नका, तिथेच जेवा. वाटेत बडवाह्याचा चिवडा घ्या.

पातालपाणी ते कालाकुंड ही वारसा रेल्वे चालू असेल तर कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद सोडू नका. एकाने आधी उतरून रांगेत उभं राहायचं.

निघताना

स्वयंपाक करणाऱ्या भाभींचे पैसे त्यांच्याच हातात द्या, रोख, मालकाच्या हिशोबापासून वेगळे. उरलेलं तूप, डाळ, कणीक त्यांच्याकडेच ठेवून या. प्लास्टिकच्या बाटल्या आणि ताटल्या गाडीत घालून इंदूरला आणा, गावात कचऱ्याची गाडी येत नाही, तो ओढ्यात जातो. आणि त्यांचा नंबर नावासकट लिहून घ्या. सिमरोलजवळच्या त्या बाईंचा नंबर माझ्याकडे अजून आहे. आता जायचं ठरलं की कॉटेजच्या आधी मी त्यांनाच फोन करते, आणि त्या विचारतात, “दीदी, इस बार कितने लोग?”